ट्रॉलीला एक ‘रेडियम’, जिन्याला दुसरं

कागलकडच्या एका भावानं विचारलंय: ऊस वाहतुकीच्या दोन ट्रॉल्या आहेत, घराला लागूनच फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे. रात्री ट्रॉली मागून दिसावी म्हणून किलोभर ‘रेडियम पावडर’ आणली. त्यातली पाव किलो लाल ऑइलपेंटात कालवून मागच्या फाळक्यावर दोन हात मारले. पहिल्या रात्री अंधुक हिरवट दिसलं, नंतर काहीच नाही. पावडर बोगस निघाली का? उरलेली वर्कशॉपच्या जिन्याला लावली तर चालेल का? आणि रेडियमनं कॅन्सर होतो म्हणतात, घरात लहान मुलं आहेत, ते खरं का?

भाऊ, पावडर बोगस आहे असं मला वाटत नाही. ती चुकीच्या रंगात कालवली गेली आणि चुकीच्या जागी लावली गेली. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात स्क्रीन प्रिंटिंग आणि सेफ्टी बोर्डांचं काम सव्वीस वर्षं करतोय. दर वर्षी गळीत हंगाम तोंडावर आला की हाच प्रश्न घेऊन चार-दोन जण दुकानात येतात. ट्रॉलीचा विषय जिवाशी आहे, म्हणून तो आधी सांगतो. पावडरीकडे मग येऊ.

आपल्याकडे चमकेल त्याला रेडियम म्हणायची सवय आहे. नंबरप्लेटची अक्षरं कापून देणारा तो रेडियमवाला, पोरांच्या खोलीत छताला चिकटवलेल्या चांदण्या त्या रेडियमच्या, रस्त्याच्या कामावरच्या माणसाचं नारिंगी जाकीट तेही रेडियमचं. प्रत्यक्षात या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. नंबरप्लेटची किंवा गाडीच्या मागची टेप स्वतः उजळत नाही. तिच्यात काचेचे बारीक मणी किंवा प्रिझम असतात आणि अंगावर पडलेला उजेड ती आला त्याच दिशेला परत पाठवते. जाकिटाचा भडक नारिंगी किंवा पोपटी रंग फ्लोरोसंट असतो. उन्हातले डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण आणि निळा उजेड पिऊन तो दिसणाऱ्या रंगात बाहेर टाकतो, म्हणून दिवसा तो इतर रंगांपेक्षा उठून दिसतो. उजेड गेला की त्याच क्षणी तोही विझतो. तिसरी तुमची पावडर, बाजारात जिला ‘ग्लो’ म्हणतात. ती उजेड साठवते आणि अंधारात हळूहळू सोडते.

पत्र्यावर पडलेलं पाणी पाऊस थांबला की लगेच ओसरतं. गवतानं शाकारलेल्या छपराच्या पागोळ्या मात्र पाऊस उघडल्यावरही बराच वेळ गळत राहतात. फ्लोरोसंट म्हणजे पत्रा, ग्लो म्हणजे गवताचं छप्पर. पावडरीच्या स्फटिकात काही खाचा असतात, उजेडानं उडालेले इलेक्ट्रॉन त्यांत अडकतात आणि साध्या हवेतल्या उष्णतेच्या धक्क्यानं एकेक करून सुटतात. सुटताना हिरवा उजेड देतात. म्हणून उन्हाळ्यात ग्लो आधी जास्त उजळतो आणि लवकर उतरतो, थंडीत मंद असतो पण जास्त वेळ टिकतो.

आता ट्रॉलीच्या मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याचा विचार करा. त्याच्या स्वतःच्या गाडीचा हेडलाइट आहे, समोरून येणाऱ्या गाड्यांचा उजेड डोळ्यात जातोय. असे दिपलेले डोळे ग्लोचा उजेड पकडूच शकत नाहीत. चांगल्यातली चांगली ग्लो पावडर तासाभरानंतर जेवढी उजळते, तेवढी पौर्णिमेच्या चांदण्यात चुन्याची भिंतही दिसते. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना तो उजेड भरपूर, पण रस्त्यावर कामाचा नाही. ६० च्या वेगानं येणारी गाडी सेकंदाला साडेसोळा मीटरहून जास्त कापते. त्याला ट्रॉली शंभर-दीडशे मीटरवरून दिसायला हवी, आणि ते काम फक्त परावर्तक टेप करते. त्याच्याच हेडलाइटचा उजेड ती त्याच्याच डोळ्यांकडे परत पाठवते.

टेप घेताना दुकानात उभ्या उभ्या चमक बघून घेऊ नका. नुसती चमकी लावलेला स्टिकरही ट्यूबलाइटखाली झगमगतो. संध्याकाळी टेपचा वीतभर तुकडा भिंतीला लावा, तीस पावलं मागे जा आणि बॅटरी कानशिलाजवळ, डोळ्याच्या रेषेत धरून उजेड टाका. खरी टेप पेटल्यासारखी दिसेल. मग तीच बॅटरी कमरेशी धरून बघा, टेप मंद होईल, कारण उजेड परत कमरेकडे चाललाय. चमकी स्टिकर दोन्ही वेळेला सारखाच मिणमिणता दिसतो. ही परीक्षा फुकट आहे आणि कधी चुकत नाही. प्रिझमची टेप मण्यांच्या टेपपेक्षा कितीतरी उजळ असते. तिच्यावर हिऱ्यासारखी किंवा षटकोनी नक्षी जवळून दिसते. मागे लाल, बाजूंना पिवळी, पुढे पांढरी हा नियम पाळा, कारण रात्री रंगावरूनच समोरच्याला कळतं की आपण गाडीच्या मागे आहोत की आडवे.

आणि एक गोष्ट ट्रॉलीवाल्यांनाच कळेल अशी. मोळ्या भरल्या की वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, मागून खाली लोंबतं आणि फाळक्यावर लावलेलं सगळं झाकून टाकतं, टेललाइटसुद्धा. रिकाम्या ट्रॉलीला लावलेली टेप बघून समाधान मानू नका. टेप खाली चॅसिसच्या आडव्या चॅनेलला लावा, आणि उसावरून बांधायच्या दोराला किंवा पट्ट्याला शेवटी अडकवता येईल असं टेप शिवलेलं हातभर कापड वेगळं ठेवा. गंजलेल्या, खडबडीत पत्र्यावर टेप चार दिवसांत सुटते. पॉलिश पेपरनं घासून थिनरनं पुसून लावा. त्याहून चांगलं म्हणजे अॅल्युमिनियमच्या पट्टीवर चिकटवून ती पट्टी रिव्हेट करा. कारखान्यावरून परत फिरताना दरवेळी ओल्या फडक्यानं पुसा, चिखल बसलेली टेप नसल्यातच जमा. डबल ट्रॉली असेल तर दोन्हींच्या बाजूंना लावा. वळताना आडवी आलेली दुसरी ट्रॉली न दिसल्यानं माणसं गेलेली मी आपल्याच भागात पाहिली आहेत, म्हणून इतकं पाल्हाळ लावलं.

आता तुमची पावडर. आज बाजारात मिळणारी चांगली ग्लो पावडर म्हणजे स्ट्रॉन्शियम अॅल्युमिनेट, त्यात युरोपियम आणि डिस्प्रोशियम या धातूंचा अगदी थोडा अंश. १९९० च्या दशकात जपानच्या नेमोतो कंपनीनं ती काढली. त्याआधी तांब्याचा अंश घातलेलं झिंक सल्फाइड चालायचं. ते अर्धा-एक तासात विझायचं आणि ऊन-ओल लागली की करडं पडायचं. स्वस्तातल्या चांदण्या-स्टिकरात ते आजही असतं. दोन्ही पावडरी दिवसा फिकट पिवळट-हिरव्या दिसतात, त्यामुळे डोळ्यांनी फरक कळत नाही. फरक कळतो घड्याळावर. मोबाइलच्या टॉर्चखाली दोन मिनिटं धरा, कपाटात ठेवा, तासानं अंधाऱ्या खोलीत पाच मिनिटं बसून मग कपाट उघडा. स्पष्ट दिसली तर स्ट्रॉन्शियमची. पावडर दिवसाच भडक गुलाबी किंवा नारिंगी दिसत असेल तर ती बहुधा ग्लो नाही, नुसती फ्लोरोसंट आहे. विक्रेता काहीही सांगो, अंधारात उजळते का ते आधी बघा.

तुमच्याकडे पहिल्या रात्री हिरवट दिसलं, म्हणजे पावडर ग्लोचीच आहे. ती मेली लाल ऑइलपेंटात. पावडरीच्या कणापर्यंत उजेड पोचला पाहिजे आणि कणातून निघालेला बाहेर आला पाहिजे. लाल रंग निळा आणि अतिनील उजेड स्वतःच गिळतो, म्हणजे चार्जिंगच बंद. जे थोडं चार्ज झालं त्याचा हिरवा उजेडही लाल रंग बाहेर सोडत नाही. म्हणून नियम असा: खाली पांढराशुभ्र थर, त्यावर पारदर्शक माध्यमात पावडर, आणि त्या माध्यमात दुसरा कुठलाही रंग नाही. पांढरा रंगसुद्धा पावडरीत मिसळायचा नाही. तो खालीच हवा, खाली गेलेला उजेड वर परतवायला.

कालवण्याची रीत नीट सांगतो, कारण यात मी स्वतः एकदा मोठा फटका खाल्लाय. सुरुवातीच्या वर्षांत एका कारखान्याच्या जिन्याचं काम मिळालं होतं. पावडर जाड वाटली म्हणून मी नेहमीच्या रंगासारखी ती बॉलमिलमध्ये, म्हणजे रंग घोटायच्या फिरत्या यंत्रात, रात्रभर घोटली. सकाळी डबा उघडला तर आत राखाडी खीर. हे कण काचेइतके कठीण असतात, त्यांनी मिलचं लोखंड खरवडून काढलं होतं आणि ते लोखंड सगळ्या रंगात उतरलं होतं. शिवाय कण फुटले की त्यांचा ग्लोही उतरतो. सगळा माल फेकला, नवीन पावडर पदरमोड करून आणली, काम आठवडाभर उशिरा दिलं. तेव्हापासून माझ्या दुकानात ग्लो पावडरीला लोखंडी ढवळणी लागत नाही. लाकडी पट्टी किंवा प्लास्टिकचा उलथना, हळू हातानं.

माध्यम म्हणून पारदर्शक पीयू (पॉलियुरेथेन), इपॉक्सी किंवा अॅक्रिलिक लॅकर घ्या. इपॉक्सी उन्हात पिवळं पडतं, ते आतल्या कामाला ठेवा. वजनानं शंभर ग्रॅम माध्यमाला पन्नास-साठ ग्रॅम पावडर धरा. मूठभर पावडर डबाभर रंगात हा हिशेब चालत नाही. पावडर जड असते, पाण्याच्या साडेतीन पटीहून थोडी जास्तच, त्यामुळे पाच मिनिटांत तळाला बसते. ब्रश बुडवण्याआधी दरवेळी ढवळा, नाहीतर पहिल्या पायरीला नुसता लॅकर आणि शेवटच्या पायरीला सगळी पावडर असं होतं. पाण्यातल्या रंगात घालायची असेल तर वॉटरप्रूफ कोटिंग केलेली पावडर मागा. साधी स्ट्रॉन्शियमची पावडर पाण्याशी भांडते, डब्यात दगड होऊन बसते. ब्रशच्या कामाला पन्नास-साठ मायक्रॉनचा जाड कण घ्या. जाड कण जास्त उजळतो. स्क्रीनवर छापायची असेल तर वीस-पंचवीस मायक्रॉनची घेऊन ऐंशी किंवा शंभर नंबरची मेश, म्हणजे छापायची जाळी, लावा. त्याहून बारीक जाळीत कण अडकतात आणि स्क्वीजीखालून (रंग ओढायच्या रबरी पट्टीखालून) नुसतं माध्यम पुढे जातं. एक हात पुरत नाही. दोन-तीन हात, मध्ये पूर्ण वाळवून, आणि शेवटी एक स्वच्छ पारदर्शक कोट, कारण पायऱ्यांवर बुटांची माती घासते. कालवताना तोंडाला मास्क लावा. पावडर विषारी नाही, पण इतकी बारीक धूळ कुठलीच छातीला चांगली नाही.

आता जिना. इथे ग्लो पावडर खरी आपल्या घरी येते. वीज गेली, धूर झाला, कुणाच्या हातात बॅटरी नाही, हेडलाइट नाही. अशा वेळी परावर्तक टेप निव्वळ आंधळी, कारण परत पाठवायला उजेडच नसतो. न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये १९९३ ला बॉम्बस्फोट झाला, तेव्हा लोकांना काळोख्या जिन्यांतून तासन्‌तास उतरावं लागलं. त्यानंतर त्या जिन्यांना उजळणारा रंग लावला गेला आणि २००१ च्या हल्ल्यात त्याच खुणांचा उतरणाऱ्यांना आधार झाला. २००४ मध्ये त्या शहरानं कायदाच केला: उंच ऑफिस इमारतींच्या जिन्यात अशा खुणा हव्यातच.

तुमच्या वर्कशॉपच्या जिन्याला अख्ख्या पायऱ्या रंगवायची गरज नाही. प्रत्येक पायरीच्या पुढच्या कडेला दोन-अडीच इंचाची सलग पट्टी, कठड्यावर एक पट्टी, आणि भिंतीवर जमिनीपासून वीतभर उंचीवर बाणाची रेघ. धूर वर चढतो, माणूस वाकून किंवा रांगत बाहेर पडतो, म्हणून खालची रेघ महत्त्वाची. पहिली आणि शेवटची पायरी जरा रुंद रंगवा. अंधारात पाय नेमका तिथेच फसतो, पायरी आहे समजून किंवा संपली समजून.

पण पट्टी लावली म्हणजे झालं असं नाही, तिला रोज खायला उजेड लागतो. माझ्याकडे एकदा तक्रार आली की पट्ट्या चमकत नाहीत. जाऊन बघितलं तर जिन्यात सेन्सरचा दिवा बसवला होता, माणूस आला की लागतो, गेला की विझतो. पट्ट्या दिवसभर उपाशी. दिवा कायम चालू ठेवला, दुसऱ्या दिवशी पट्ट्या उजळल्या. ट्यूबलाइट किंवा पांढऱ्या एलईडीखाली वीस-तीस मिनिटांत चांगलं चार्जिंग होतं, खिडकीतून दिवसाचा उजेड येत असेल तर उत्तमच. पिवळसर वॉर्म एलईडीत निळा उजेड कमी, म्हणून वेळ जास्त लागतो. जुन्या शेडमधले नारिंगी सोडियमचे दिवे मात्र या पावडरीला जवळजवळ काहीच देत नाहीत, ते असतील तर आधी बदला.

रेडियमच्या भीतीबद्दल. भीती निराधार नाही, फक्त जुनी आहे. मारी आणि पिएर क्युरींनी १८९८ मध्ये रेडियम शोधलं, आणि पुढे काही दशकं घड्याळांच्या तबकड्यांवरचे आकडे खरोखरच रेडियमच्या रंगानं रंगवले जायचे. झिंक सल्फाइडमध्ये रेडियम मिसळलं की त्याच्या किरणांनी ते रात्रंदिवस उजळत राहायचं, चार्जिंगची गरजच नाही. अमेरिकेत न्यू जर्सीत हे आकडे रंगवणाऱ्या मुलींना ब्रशचं टोक ओठांत धरून अणकुचीदार करायला शिकवलं होतं. प्रत्येक वेळी थोडं रेडियम पोटात, तिथून हाडांत. जबडे कुजले, कितीतरी मुली मेल्या. त्यांतल्या पाच जणी कोर्टात गेल्या आणि १९२८ मध्ये तडजोड होऊन त्यांना भरपाई मिळाली. कामगारांच्या सुरक्षेची बाजू त्या खटल्यानं बळकट केली, एवढं त्या मुलींचं आपल्यासारख्या वर्कशॉपवाल्यांवर ऋण आहे. तो रंग केव्हाच बंद झाला, त्याचं नाव मात्र आपल्या दुकानांच्या पाट्यांवर राहिलं. स्ट्रॉन्शियम अॅल्युमिनेटमध्ये किरणोत्सर्गी काहीही नसतं. नावात स्ट्रॉन्शियम आहे म्हणून घाबरू नका, अणुस्फोटातून निघणारं स्ट्रॉन्शियम वेगळं, हे साधं. पोरांच्या खोलीत चांदण्या खुशाल लावा. फक्त आजोबांच्या वेळचं उजळ आकड्यांचं परदेशी घड्याळ घरात असेल तर ते उघडू नका, आकडे खरवडू नका. ते आता अंधारात दिसत नसलं तरी झिंक सल्फाइड थकलेलं असतं, रेडियम नाही. त्याचं अर्धं आयुष्यच १६०० वर्षांचं आहे.

फॅब्रिकेशनचं काम करता म्हणून फ्लोरोसंटचा एक उपयोग सांगतो, जो आपल्या कोल्हापूरच्या फाउंड्रीत रोज चालतो आणि बाहेरच्यांना माहीत नसतो. कास्टिंगला (ओतीव भागाला) किंवा फोर्जिंगला (ठोकून घडवलेल्या भागाला) चीर आहे का ते बघायला ते चुंबकित करतात आणि फ्लोरोसंट लेप दिलेली लोखंडाची अतिबारीक भुकटी मिसळलेलं द्रावण त्यावर सोडतात. एका फाउंड्रीत काळ्या पडद्यांच्या खोलीत मी हे पहिल्यांदा पाहिलं. आत गेल्यावर तपासणी करणाऱ्यानं मला आधी नुसतं उभं केलं, डोळे अंधाराला सरावेपर्यंत. मग अतिनील दिवा लावला. क्रँकशाफ्ट काळा-जांभळा दिसत होता, आणि वळणाच्या खाचेत केसाएवढी पोपटी-पिवळी रेघ. बाहेर ट्यूबलाइटमध्ये तोच भाग हातात घेऊन मी नख फिरवलं, काहीच लागलं नाही, काहीच दिसलं नाही. चिरेपाशी चुंबकाचं क्षेत्र बाहेर सांडतं, भुकटी तिथे गोळा होते आणि फ्लोरोसंट असल्यानं अंधारात ओरडून सांगते. तुमच्या ट्रॉलीचा हूक, टो-पिन आणि अॅक्सल हंगामाआधी असं एकदा तपासून घ्या. ओळखीतल्या एखाद्या टेस्टिंगवाल्याकडे दिलं तर तासाचं काम आहे. भरल्या ट्रॉलीचा हूक तुटणं हे टेप नसण्याइतकंच वाईट.

गणपतीत मंडळं देखाव्याला काळ्या, म्हणजे अतिनील, दिव्याखाली जे रंग वापरतात ते हेच फ्लोरोसंट. उघड्यावर उन्हात ते काही महिन्यांत फिके पडतात, म्हणून ट्रॉलीचा कायमचा रंग म्हणून त्यांच्यावर पैसे घालवू नका. नोटांवरचे नंबर आणि कागदातले बारीक धागेही अतिनील दिव्यात असेच उजळतात. बँकेतल्या मशीनचा तो निळा-जांभळा दिवा त्यासाठीच असतो.

उरलेल्या पाऊण किलो पावडरीत तुमच्या जिन्याचं काम भागून वर उरेल. ती शेतावर न्या. आपल्याकडे मोटरीला वीज कितीतरी वेळा रात्रीच येते. स्टार्टरच्या पेटीवर बाहेरून एक पांढरा चौकोन, त्यावर ग्लोचे तीन हात. विहिरीच्या कठड्याला, पाइपाच्या व्हॉल्व्हच्या चाकाला आणि पाण्याच्या टाकीच्या झाकणाला तसेच पट्टे मारा. पेटीच्या आत लावू नका, तिथे ऊन पोचत नाही. दिवसभर ऊन खाल्लेला तो चौकोन बॅटरी विझवून दोन मिनिटं थांबलात तर मध्यरात्रीनंतरही दिसेल. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात कितीतरी घरं दिवसेंदिवस अंधारात होती, तेव्हापासून माझ्या घरी मेन स्विचभोवती, बॅटरीच्या दांड्यावर आणि माडीच्या दाराच्या कडीला असाच पट्टा आहे. पण हे सगळं टेप लावून झाल्यावर. फाळक्यावरचा लाल रंग खरवडत बसू नका, तो राहू दे. खालच्या चॅनेलला प्रिझमची टेप दसऱ्याच्या आत लागली पाहिजे, पहिली खेप कारखान्याकडे निघण्याआधी.